दुपारी बारा ते चार: सुट्टीतली पोरं, नाईट शिफ्टचा नवरा आणि माझं शिलाई मशीन

एप्रिल लागला की आमच्या बेळगावातल्या वडगावच्या दोन खोल्यांत दुपारी तीन गोष्टी एकदम चालतात. ह्यांची झोप, माझी शिलाई आणि पोरांची सुट्टी. हे उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, महिन्यातले निम्मे दिवस नाईट शिफ्ट. सकाळी आठला घरी येतात, आंघोळ करतात, दोन भाकऱ्या खातात आणि साडेनऊला आतल्या खोलीत आडवे होतात ते चारलाच उठतात. बाहेरच्या खोलीत माझं मशीन. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग, अस्तर, फॉल, पिको, "ताई, परवा हळद आहे, उद्या देशीला न्हवं?" असलं सगळं. आणि ह्या दोहोंच्या मधे आठ वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी.

गल्लीत यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट. त्यानं ह्यांची झोप मोडत नाही. माझ्या मशीननंही मोडत नाही. पण पोरं कुजबुजून भांडली तरी हे उठून बसतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या चार उन्हाळ्यांत काय जमलं आणि काय फसलं ते इथं लिहितेय. माझं एकच सांगणं. सात आठवड्यांच्या सुट्टीचा विचार करू नका, सकाळी उठल्यापासूनच्या दिवसाचाही करू नका. दुपारी बारा ते चार तेवढं बघा. सकाळ आपोआप जाते आणि संध्याकाळ गल्ली सांभाळते.

आधी कॅलेंडरवर दोन रेघा

आपल्या कर्नाटकातल्या शाळा साधारण १० एप्रिलच्या सुमाराला सुटतात आणि मेअखेरीस भरतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळा मेच्या तोंडाला सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. सीमेवरच्या घरांत निम्मे पाहुणे तिकडं आणि निम्मे इकडं, त्यामुळं ह्या तारखांवर सगळी सुट्टी फिरते. आपली पोरं पहिले तीन आठवडे "दादा कधी येणार?" म्हणून जीव खातात. शेवटी आपली शाळा भरते तेव्हा पाहुण्या पोरांच्या सुट्टीला अजून पंधरा दिवस असतात. पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षातच आलं नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी थोरला दप्तर अडकवून दारात उभा आणि नणंदेचा पोरगा अंथरुणात लोळतोय. थोरल्यानं असा सूर लावला की शेजारच्या अक्का विचारायला आल्या, कोण पडलं काय म्हणून.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दोन रेघा ओढते. एक कोल्हापूरची पोरं येतात त्या दिवसावर, दुसरी आपली शाळा भरायच्या तीन दिवस आधी. दुसऱ्या रेघेला पाहुण्यांची रवानगी. नणंदेला मी हे स्पष्ट सांगितलंय आणि तिला ते पटलंय.

पहिल्या रेघेच्या आत जी कामं एकट्या पोरांबरोबर शांतपणे होतात ती उरकायची. दात दाखवणं, केस कापणं, सायकल शिकवणं, पापड्या घालणं. दोन रेघांच्या मधे काहीही ठरवू नका. चार पोरं एकत्र आली की त्यांना फक्त जेवण लागतं.

मधे शिवजयंती येते. महाराष्ट्र सरकारची १९ फेब्रुवारीला असते, बेळगावात मात्र परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि नंतर चित्ररथांची मिरवणूक. सजीव देखावे बघायला पोरं वर्षभर थांबलेली असतात. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, त्यामुळं त्या दिवशी दुपारी सक्तीनं झोपवा. खिशात चिठ्ठी घाला, नाव आणि दोन फोन नंबर. कागद घामानं भिजतो म्हणून मी कापडाच्या तुकड्यावर बॉलपेननं लिहून शर्टाच्या आतून चार टाके घालते. ढोलताशाच्या अगदी जवळ उभं राहू नका, धाकट्या पोरांना ते सोसत नाही.

जेवण साडेअकराला, खाऊचा डबा बाराला

घरात असली की पोरांना दर अर्ध्या तासाला भूक लागते. "मम्मी, काय तरी दे की." देऊन देऊन मशीनवर बसणं होत नाही. ह्यावर माझा उपाय डब्याचा. साडेअकराला भात-आमटी, एखादी भाजी, नीट जेवण. बाराला दोघांना आपापला डबा. त्यात चारपर्यंतचा खाऊ: चुरमुरे-शेंगदाणे, गुळाचा खडा, काकडी, एखादं केळं. कधी भडंग. डबा कधी उघडायचा ते त्यांनी ठरवायचं, संपला की संपला. पहिल्या दिवशी थोरल्यानं सव्वाबाराला डबा फस्त केला आणि चारपर्यंत बहिणीच्या डब्याकडं बघत बसला. मी विरघळले नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा डबा तीनपर्यंत टिकला. धाकटी मात्र पहिल्यापासून सावकारीण, एकेक चुरमुरा मोजून खाते आणि शेवटी त्याला दोन उसने देते.

पाण्याला मात्र मोजमाप नाही. प्रत्येकाची आपली बाटली, वर रंगीत दोरा बांधलेला. ती दुपारी दोनदा रिकामी झाली पाहिजे. तीनच्या सुमाराला नाचणीचं आंबील किंवा ताक. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, जिरं. धाकटीला नुसतं आवडत नाही, वर ठेचलेला कांदा घातला की पिते. पोरांचं काय सांगावं.

गारीगार घरीच करा. कोकमाचं आगळ, साखर, पाणी, छोट्या स्टीलच्या वाट्यांत ओतून त्यात आइस्क्रीमची जुनी काडी धुऊन उभी करायची. काडी आधी तिरकी पडते. अर्धा तासानं, बाजूनं गोठायला लागलं की काडी खोचायची, मग सरळ राहते. काढताना वाटी नळाखाली धरली की गारीगार सुटून येतं.

आवाज न करणारे खेळ

माझं घर ह्याच्यावर चालतं, म्हणून हे जरा सविस्तर.

पहिला चिंध्यांचा चेंडू. रबरी चेंडू फरशीवर आपटला की संपलं. शिलाईच्या घरात कातरणीला तोटा नाही. तुमच्याकडं नसेल तर ओळखीच्या कुठल्याही टेलरकडं मागा, पिशवीभर फुकट देतील. एक जुना पायमोजा घ्या. आत कॉटनची कातरणं गच्च दाबत भरा, सिल्कची नको, ती घसरतात आणि चेंडू एका बाजूला पोटाळतो. मूठभर झाला की मोज्याचं तोंड पिळा, मोजा उलटून परत त्याच गोळ्यावर चढवा, पुन्हा पिळा, पुन्हा चढवा. शेवटी तोंड जाड दोऱ्यानं शिवा. हा भिंतीवर आपटला तरी फक्त धप्प होतो. ह्याच्यावर आमच्याकडं बैठी लगोरी चालते. पुठ्ठ्याच्या सात चकत्या, बसूनच नेम धरायचा, उठायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडला तो बाद. पोरं मुकाट हसतात तेव्हा त्यांची पोटं हलतात, बघण्यासारखं असतं.

दुसरा चौकाबारा. सासूबाई ह्याला चवंगअष्टा म्हणतात. शेजारच्या अक्कांचं घर कन्नड, त्यांचा शब्द चौकाबारा, पोरांनी तोच उचलला. पाच बाय पाच घरांचा पट, फरशीवर खडूनं. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर फुली, ती ज्याची त्याची घरं, तिथं मारामारी नाही. अगदी मधल्या घरावरही फुली, तिथं पोचायचं. चार गडी, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आमच्याकडं त्या म्हणजे हुक, टिचबटन, काजूची टरफलं आणि पिस्त्याची टरफलं.

खरी मजा फाशांत. चार चिंचोके घ्या आणि प्रत्येकाची एक बाजू खरबरीत दगडावर पाणी घालून घासत बसा. तपकिरी साल जाते आणि आतून पांढरं निघतं. एक चिंचोका घासायला पोराला दहा मिनिटं लागतात. चार चिंचोके, दोन पोरं, हिशोब करा. खेळ सुरू व्हायच्या आधीच वीस मिनिटं गेली आणि आवाज काय तर बारीक खसखस. चिंचोके टाकायचे. जितक्यांची पांढरी बाजू वर तितकं दान, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. सोंगट्या बाहेरच्या रांगेतून एक फेरा करून आतल्या रांगेत उलट्या फिरतात आणि मधे शिरतात. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली पडली की ती मेली, पुन्हा घरातून सुरुवात. आमच्या सासूबाईंचा नियम असा की एक तरी मारल्याशिवाय आतल्या रांगेत जायचं नाही. त्यामुळं गरीब गाय असलेली धाकटीही शेवटी मारायला शिकली. चिंचोके घडी घातलेल्या वाकळीवर टाकायचे, नाहीतर फरशीवर खडखडतात.

तीन वर्षांच्या आतलं पोर घरात असेल तर चिंचोके, बटणं, हुक काहीच खाली ठेवू नका. तोंडात जातं, नाकात जातं. नाकात काही अडकलं तर चिमट्यानं ओढायच्या भानगडीत पडू नका, आत जातं. सरळ डॉक्टर.

तिसरा खेळ मोबाइलचा, म्हणजे मी त्याचा खेळ केला. फोन पूर्ण बंद ठेवणं मला जमलेलं नाही आणि जमतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण माझ्या फोनवर गिऱ्हाइकांचे ब्लाउजचे फोटो येतात, तो दुपारभर पोरांच्या हातात परवडत नाही. म्हणून दोन ते अडीच कार्टून, आवाज पूर्ण बंद करून. पहिले दोन दिवस रुसवा. तिसऱ्या दिवशी थोरल्यानं उंदराचे संवाद स्वतःच कुजबुजायला सुरुवात केली. अक्कांचा पोरगा येतो, तो मांजराचे संवाद कन्नडमध्ये म्हणतो. धाकटी फक्त "अय्यो!" म्हणते, पण बरोबर वेळेला. अर्धा तास संपला तरी नाटक चालूच राहतं, फोन कुणी मागत नाही.

त्यातूनच भिंतीवर एक कागद आला. एका बाजूला आमचा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा. मांजर - बेक्कु. कुत्रा - नायी. पाणी - नीरु. ऊन - बिसिलु. चिंच - हुणसे. रोज पाच. थोरला कन्नड देवनागरीत लिहितो, तो पोरगा मराठी कन्नड लिपीत. शाळेत थोरल्याला कन्नड आहेच, पण धडा वाचून त्याला जेवढं येत नव्हतं तेवढं ह्या कागदानं आलं. मधे दोघांचं भांडण लागलं की "अक्का" हा शब्द कुणाचा. मी म्हटलं, दोघांचा, गप्प बसा, आत झोपलेत.

पापड्यांची राखण

सासूबाई म्हणतात, "पोरांस्नी काम दे गे. खेळणी दोन दिवसांत जुनी होतात, काम होत न्हाई." त्यांचं बरोबर आहे, फक्त काम खरं पाहिजे. लुटुपुटूचं काम पोरं ओळखतात.

आमच्याकडं एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात साबुदाण्याच्या पापड्या होतात. चार वर्षांच्या पोरालाही जमतात म्हणून ह्याच सांगते. एक वाटी साबुदाणा रात्री भिजवा. सकाळी सहा वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात मीठ, जिरं आणि भिजलेला साबुदाणा घाला, ढवळत राहा. दाणा काचेसारखा दिसायला लागला आणि मिश्रण पळीवरून जाड धारेनं पडलं की उतरवा. हे काम मोठ्या माणसाचं. मग कोमट होऊ द्या, बोट घालून बघा, आणि मगच पोरांच्या हातात चमचा. गच्चीवर प्लास्टिकचा कागद, चारी कोपऱ्यांवर दगड. एक चमचा ओतायचा आणि चमच्याच्या पाठीनं गोल फिरवायचा. थोरल्याच्या पापड्या नाण्यासारख्या, धाकटीच्या म्हणजे नुसत्या सांडलेल्या. तळल्यावर सगळ्या सारख्याच लागतात. सकाळी नऊच्या आत घालून झालं पाहिजे, नंतर गच्ची पायाला पोळते.

राखण मात्र दुपारची. जिन्याच्या सावलीत बसून कावळ्यावर आणि आभाळावर नजर ठेवायची. थोरल्याच्या हातात काठी, धाकटीच्या हातात जुनी घंटी होती, ती मी पहिल्याच दिवशी काढून घेतली. पगार म्हणून अर्धओल्या पापड्या, एका तासाला दोन. ज्यांनी ती चिवट, खारट पापडी खाल्लीय त्यांना हा पगार किती मोठा ते कळेल.

आभाळावर नजर कशासाठी, तर वळीव. बेळगाव उंचावर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून जास्त, त्यामुळं संध्याकाळी वारं सुटतं आणि कोल्हापूरचे पाहुणे रात्री पांघरूण मागतात. पण एप्रिलच्या शेवटापासून दुपारी तीननंतर कधीही आभाळ भरतं. दोन वर्षांमागं मी मशीनवर एका नवरीच्या ब्लाउजला हुक लावत होते, पोरं राखण सोडून अक्कांकडं आंबा खायला गेली, आणि टपोरे थेंब. मी वर पोचेपर्यंत दोन किलोच्या पापड्यांची पेज झाली होती. मी ओरडले. हे उठले. मग हेही ओरडले. आता नियम असा की वारं सुटून धूळ उडाली की विचारायला यायचं नाही, कागद चारी कोपऱ्यांनी उचलून थेट जिन्यात आणायचा. आणि गडगडाट ऐकला की पापड्या गेल्या खड्ड्यात, आधी पोरांनी खाली यायचं. गच्ची, झाड, मैदान, ह्यातलं काही नको. विजेच्या वेळी झाडाखाली थांबणं उघड्यावर थांबण्याइतकंच वाईट.

सकाळी बाहेर, तेही नऊच्या आत

रोज काही नको. आठवड्यातून एक सकाळ पुरते. ह्यांची डे शिफ्ट असेल त्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर जातो. वडगावहून येळ्ळूर रोडनं सरळ. सहाला निघा, नऊला परत. वर सावली कमी आहे आणि दगड लवकर तापतात. सिद्धेश्वराच्या देवळात घटकाभर बसायचं, छत्रपतींचा पुतळा बघायचा. गडावरच्या विहिरीजवळ पोराचा हात सोडायचा नाही. पाणी घरातून न्या.

दुसरी सकाळ कॅम्पात मिलिटरी महादेवला, तिथं बाग आहे. तिसरी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत नुसतं फिरायला. तिथं पोरं काड्या, बिया, पिसं गोळा करतात आणि त्या पिशवीवर पुढची दुपार निघते. खर्च शून्य. मॉलमध्ये नेलं की घरी येताना एक तरी पोर रडत येतं, असा माझा अनुभव.

आजोळ

माझं माहेर जांबोटीकडं, खानापूर तालुक्यात. मेच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा दिवस जातो. काजू, फणस, करवंदं, जांभळं. शहरातल्या पोरांना तिकडं सोडताना मी चार गोष्टी सांगते. त्यातली काजूची मी दुखणं काढून शिकले.

थोरला पाच वर्षांचा होता. मामाच्या मागं काजूच्या बागेत गेला. बोंडं गोड, ती खाल्ली, ठीक. बोंडाखालचं ओलं बी त्यानं दातानं फोडलं, आतला गर काढायला. थोड्या वेळानं ओठ चुरचुरायला लागले, संध्याकाळपर्यंत फोड आणि दुसऱ्या दिवशी हनुवटीपर्यंत कातडी सोललेली. काजूच्या टरफलात जळजळीत तेलकट चीक असतो, तो कातडी भाजतो. आमच्या आईनं खोबरेल लावलं, मी लगेच साबण-पाण्यानं धुवायला हवं होतं ते मला सुचलंच नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, आठ दिवस पोरगा गार पेजेवर. म्हणून सांगते, बोंडं खुशाल खाऊ द्या, पण बी हातात घ्यायचं नाही, फोडायचं नाही, आणि भाजताना धुरातही उभं राहायचं नाही.

करवंदाला पोरं एकटी पाठवू नका. काटे असतात ते असतातच, पण भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या रानात अस्वलं आहेत आणि रानमेवा त्यांनाही आवडतो. मोठं माणूस बरोबर, उन्हं वर आल्यावर, बोलत-बोलत. पहाटे आणि तिन्हीसांजेला नको.

मलप्रभेत मेमध्ये पाणी कमी दिसतं, त्यालाच फसतात माणसं. वर घोटाभर पाणी आणि दोन पावलांवर डोह. माहेरच्या गावातली पोरं पोहतात म्हणून आपलं पोहू शकत नाही. आमच्याकडं नियम एवढाच की मामा पाण्यात असेल तर पोर पाण्यात, मामा काठावर तर पोरही काठावर. चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे, विंचवासाठी. साप चावला तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही नको. पोराला हलू न देता आडवं ठेवा, १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या दवाखान्यात.

कोल्हापूरला जाताना

बायकांना बस फुकट झाल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, माझ्या जावा-भावजया गणितं मांडतात. आधार कार्ड दाखवून निपाणीपर्यंत कर्नाटकच्या साध्या गाडीनं फुकट, पुढं कोल्हापूरची एस्टी, त्यात महाराष्ट्राच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट. कर्नाटकच्या थेट कोल्हापूर गाडीत मात्र पूर्ण पैसे. मीही एकदा हा शहाणपणा केला. दोन पोरं, एक आंब्याची पेटी, निपाणी स्टँडवर सव्वा तास. वाचलेल्या पैशांची उसाचा रस, वेफर्स आणि एका प्लास्टिकच्या बंदुकीत वाट लागली. बंदूक कागललाच मोडली असती तर बरं, ती कोल्हापूरपर्यंत टिकली. एकटी असाल तर जरूर करा. पोरांबरोबर थेट गाडी, सकाळी सातच्या आतली, सावलीच्या बाजूची सीट. जाताना सकाळी डावी बाजू, उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीत ऊन उजवीकडून येतं.

पोट बिघडलं तर

आंबे, लग्नातली जेवणं, उघड्यावरचं सरबत. एकदा तरी होतंच. ओआरएसची दोन पाकिटं घरात ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला, अर्धंमुर्धं नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं नको, चमच्यानंच. थोडं-थोडं पाजत राहा, उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाका. दुकानातलं फळांचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पोर सुस्त पडलं, लघवी होईना, डोळे आत गेले, उलटी थांबेना किंवा शीतून रक्त आलं तर घरी वाट बघू नका.

घामोळ्याला माझा इलाज कापडाचा. अस्तराच्या उरलेल्या मलमलची बिनबाह्यांची झबली शिवते, दिवसाला दोन लागतात. घट्ट इलास्टिकची चड्डी दुपारी नको.

शाळा भरायच्या आधी

दुसऱ्या रेघेला पाहुणे गेले की तीन दिवस उरतात. त्यात झोपेची वेळ मागं आणा, रोज अर्धा तास. आणि युनिफॉर्म आत्ताच अंगावर घालून बघा, आदल्या रात्री नको. सात आठवड्यांत पोरं उंच होतात आणि त्या आठवड्यात माझ्याकडं निम्मी गल्ली पॅन्टी घेऊन रांगेत उभी असते. नवीन शिवून घेत असाल तर टेलरला पॅन्टीच्या तळाला दोन इंच आणि फ्रॉकच्या घेराला तीन इंच आत दुमडून ठेवायला सांगा. जुनी दुमड उसवली की तिथं गडद रेघ दिसते. कापड ओलं करून व्हिनेगरचा बोळा फिरवा, वरून इस्त्री करा, निम्मी तरी जाते. उरलेल्या रेघेवर थोरल्याच्या पॅन्टीला मी एक साधी टीप मारते. ह्या वर्षी त्यानं विचारलं, धाकटीच्या फ्रॉकला लेस आणि मला नुसती टीप का. त्याचं उत्तर अजून द्यायचंय.